सूरसागरचं पाणी: प्लेटवर वाढवावं की डीएनए वाचावा?

वडोदऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या पोरांना प्रकल्पासाठी सूरसागर तलाव हाताशीच आहे. प्रश्न पद्धतीचा.

जुनी पद्धत म्हणजे पाणी पातळ करून अगर-प्लेटवर (जंतूंचं अन्न घातलेल्या जेलीच्या थाळीवर) पसरायचं, इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि उगवलेल्या वसाहती (जंतू वाढून दिसणारे ठिपके) मोजायच्या. स्वस्त, आणि हाती जिवंत जंतू येतो. तो काय खातो, कुठल्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, हे थेट तपासता येतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींपैकी एक टक्कासुद्धा बऱ्याचदा प्लेटवर उगवत नाही. कुणाला इतकं सकस अन्न सोसत नाही, कुणाला ऑक्सिजन, तर कुणाला शेजारी जंतूंशिवाय करमतच नाही.

दुसरी पद्धत: पाणी गाळायचं, गाळणीवरच्या पेशींतून डीएनए काढायचा आणि १६एस जनुक वाचायचं; हे सगळ्या जिवाणूंत असतं आणि त्यातल्या फरकांवरून कोणता जिवाणू ते ओळखतात. न उगवणाऱ्यांचीही हजेरी लागते. मेलेल्यांचीसुद्धा, ही खोट. शिवाय आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे निरुपद्रवी प्रकार आणि रोगकारक प्रकार या जनुकावरून सहसा वेगळे ओळखता येत नाहीत.

दोन पद्धतींतलं अंतर किती, याचं एक उदाहरण: समुद्रातल्या एसएआर११ या जंतूचं हे जनुक १९९० मध्ये सापडलं. तो प्रयोगशाळेत वाढला २००२ मध्ये, तोही नेहमीच्या माध्यमात नव्हे, तर जवळपास नुसत्या समुद्राच्या पाण्यात.

पहिल्याच प्रकल्पाला मी प्लेटच सुचवेन. पैसे असतील तर त्याच बाटलीतलं थोडं पाणी गाळून गाळणी उणे ८० अंशांवर ठेवून द्या. डीएनए नंतरही वाचता येईल.