शुअर एसएम५७ : पोवाडा घरीच रेकॉर्ड करायचा असेल तर

गाणं आपलं आपणच काढायचं, कंपनीच्या दारात जायचं नाही, असं ठरवलेल्या शाहिराचा पहिला खर्च बहुधा चुकतो. तो कंडेन्सर माइक घेतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली दहा बाय बाराची खोली, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या; तिथं हा माइक शाहिराबरोबर पंखा, बोळातली रिक्षा आणि शेजारची मालिकासुद्धा इमानेइतबारे टिपतो. अशा खोलीला १९६५ पासून बाजारात असलेला शुअर कंपनीचा एसएम५७ माइक जास्त मानवतो.

माइक डायनॅमिक, वजन २८४ ग्रॅम, आवाजाचा टप्पा ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सरला केबलमधून द्यावी लागते ती वीज, याला लागत नाही. खोक्यात क्लिप आणि पिशवी मिळते, केबल नाही. एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची केबल, वेगळी घ्यावी लागते. फोमची टोपीही घ्याच. याच कंपनीच्या एसएम५८ माइकला असते तशी गोल जाळी याला नाही, त्यामुळे ‘प’, ‘फ’, ‘भ’ चा वारा सरळ आत आपटतो. आणि पोवाड्यात ‘भवानी’ काही एकदाच येत नाही.

खरं काम माइक ठेवण्यात आहे. हा समोरचं घेतो, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. शाहीर एका वितीवर, माइक हनुवटीच्या खाली, तोंड ओठांकडे वर केलेलं. डफ शाहिराच्याच हातात असेल तर या तिरकेपणामुळे तो थोडा बाजूला पडतो आणि शब्द गिळत नाही. चार बोटांवर आलात की खर्ज फुगतो; वीरश्रीच्या जागी आवाज घागरीतून आल्यासारखा लागतो. झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे, शाहिराच्या मागं चार-पाच फुटांवर. ‘जी जी रं जी’ जरा लांबून आलेलीच बरी वाटते. तुणतुणं बाजूला, तीन फुटांवर.

झांजवाल्याला मात्र माइकच्या पाठीमागं, शाहिराकडं तोंड करून उभं करा. या माइकचा कल ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीक्ष्ण आवाजांत, वर चढतो. शब्द त्यानं स्पष्ट होतात, पण झांज समोर आली तर पत्रा वाजल्यासारखी कानात घुसते. पाठीमागून ती पुरेशी येते, शिवाय त्याला शाहिराचा हातही दिसतो.

भिंतींना दोन-तीन वाकळा टांगा आणि टाळी वाजवून बघा. टाळीच्या मागं ‘टर्र’ येत असेल तर अजून एक टांगा.

उणी बाजू एकच, पण मोठी: आउटपुट कमी. स्वस्त इंटरफेसवर (माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या पेटीवर) गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, पार शेवटपर्यंत पिळला की खरखर उठते, आणि दोष माइकवर जातो. ५५ ते ६० डेसिबल स्वच्छ गेन देणारा इंटरफेस हवा. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात चढ्या जागी पातळीचा काटा उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पोवाड्यात शाहीर शेवटी आवाज किती लावेल ते त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून पातळी शेवटच्या कडव्यावर बांधा, गणावर (सुरुवातीच्या नमनावर) नव्हे.

जे माइकवर ढकलता येत नाही ते डफाचं. जुलैतल्या कोल्हापुरी हवेत विस्तवावर शेकून सूर चढवलेला डफ काही कडव्यांतच उतरतो. मग पहिल्या आणि तिसऱ्या टेकचे (एका वेळी केलेल्या रेकॉर्डिंगचे) तुकडे जोडले की सांध्यावर डफाचा सूर धपकन खाली येतो, आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट झाकला जात नाही. प्रत्येक टेकआधी शेकायचा, किंवा सबंध पोवाडा एका दमात घ्यायचा.

जत्रेत, तालमीपुढच्या मांडवातच जास्त गाणं होत असेल तर एसएम५८ घ्या. जाळी पडझड सोसते. घरच्या खोलीसाठी ५७ च. नकली माल भरपूर फिरतो, तेव्हा निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर आधी वजनकाट्यावर ठेवायला सांगा. नकली बहुतेक हलका भरतो.