सात फुटी पलंगाला लोखंडी हेडबोर्ड: आंजर्ल्यात एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर बसवलेल्या हेडबोर्डला आता अकरा महिने झाले. लिहायला मुद्दामच थांबले होते. समुद्राकाठच्या घरात लोखंडी वस्तूचं कौतुक पावसाळ्याआधी करू नये. मे महिन्यापर्यंत सगळंच नवंकोरं दिसतं, खरं काय ते श्रावणात कळतं.

आधी पलंगाबद्दल, कारण सगळी भानगड त्याच्या मापाची आहे. आमचा पलंग म्हणजे मुळात दोन पलंग, आजेसासऱ्यांच्या वेळचे, फणसाच्या लाकडाचे, प्रत्येकी साडेतीन फूट रुंद. ते माळ्यावर धूळ खात पडले होते. खाली होता प्लायचा किंग साइज बेड. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात कौलं उडाली आणि तो बेड भिजून असा फुगला की त्याचे पापुद्रे हाताने सोलता यायचे. उरलेल्याचा पुढच्या वर्षी वाळवीने फडशा पाडला. मग माळ्यावरचे दोन्ही पलंग उतरवले आणि खालून पट्ट्या मारून जोडले. झाले सात फूट बाय साडेसहा फूट. एरवी आम्ही दोघं आणि दोन मुलं, मे महिन्यात नणंदेची दोन आणखी, सगळी एकाच मच्छरदाणीत.

या पलंगाला उशाकडे काहीच नव्हतं. उशा थेट भिंतीला, आणि ती भिंत पश्चिमेची, चिऱ्याची. पावसात ओल धरते, मग गिलाव्यावर लोणा सुटतो. सकाळी उठलं की अभ्र्यावर पांढरी भुकटी आणि केसांत वाळू. हेडबोर्ड हवा होता तो शोभेसाठी नव्हे, भिंत आणि डोकी यांच्यात काहीतरी असावं म्हणून.

तयार हेडबोर्ड बघितले. किंग साइज म्हणून जे मिळतात ते 72 इंचांचे. आमचा पलंग 84 इंच. दोन्हीकडे सहा-सहा इंच उघडं राहणार आणि कडेला झोपणाऱ्याची उशी रोज त्या फटीतून खाली जाणार. गादीचे, रेक्झिनचे हेडबोर्ड दिसतात छान, पण आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा हिरवी बुरशी येते. लाकडाचा करायला हरकत नव्हती, पण वाळवीचा धसका ताजा होता.

राहिलं धातूचं. स्टेनलेस स्टीलचा विचार पुष्कळ केला. दापोलीत एका दुकानात गेलो तर मालकाने खिशातून लोहचुंबक काढलं, पाइपाला लावून दाखवलं, "बघा वहिनी, चिकटत नाही, म्हणजे 304." आमचे हे इंजिनीअर नाहीत, पण दोन वर्षं बोटींच्या सामानाच्या दुकानात होते. ते बाहेर आल्यावर म्हणाले, 304 म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील, पण 202 नावाच्या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मॅंगनीज घातलेलं असतं, दिसायला तेच, स्वस्त, आणि खाऱ्या हवेत लवकर तांबूस डाग धरणारं. म्हणजे चुंबकाची ती परीक्षा साध्या लोखंडापासून स्टील ओळखायला ठीक, 202 आणि 304 वेगळं करायला काही कामाची नाही. बिलावर ग्रेड लिहून द्या म्हटलं तर मालक विषय बदलायला लागला. समुद्रासाठी खरं चांगलं ते 316, त्यात मॉलिब्डेनम असतं, पण फर्निचरच्या पाइपात ते आम्हाला कुठे मिळालं नाही. आणि खरं सांगायचं तर चकचकीत स्टीलचा हेडबोर्ड माजघरात हॉस्पिटलच्या खाटेसारखा दिसला असता.

शेवटी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा करून घेतला, वर काळा पावडर कोटिंग, म्हणजे पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग. जीआय का, तर पावडर फक्त बाहेरून बसते. पाइपाच्या पोटात ती जात नाही. साधं लोखंड घेतलं तर बाहेरून काळंभोर आणि आतून गंजत जाणार. आपल्याला कळणार तेव्हा पाय मोडलेला असणार. जीआयला निदान आतून जस्ताचा हात असतो. वेल्डिंग करताना ते जस्त जळून जातं, पांढरा धूर निघतो आणि तो घसा धरतो, म्हणून वेल्डिंग करणारा मुलगा जीआय करायला नाखूश होता. अंगणात, वाऱ्याच्या बाजूला बसून कर म्हटलं, केलं. जोडांवर घासून झिंकचा प्रायमर मारायचा असं ठरलं होतं. समोरच्या बाजूने मारला. मागच्या बाजूचं पुढे सांगते.

माप असं: उभे-आडवे मुख्य पाइप दीड इंची गोल, 16 गेज, म्हणजे भिंत साधारण 1.6 मिलिमीटरची. तो 20 गेज दाखवत होता, साधारण 0.9 मिलिमीटर. छोट्या कॉटला ते चालेल, पण सात फुटांत टेकून बसलं की आडवा पाइप मधे झुकतो. मधल्या सळ्या 12 मिलिमीटरच्या भरीव, दोन सळ्यांत साडेतीन इंच अंतर, कारण धाकटा तेव्हा तीन वर्षांचा आणि त्याला कुठेही डोकं घालायची सवय. उंची जमिनीपासून 48 इंच. ही उंची ठरवताना गादी मोजायला विसरू नका. आमचा पलंग 18 इंच, काथ्याची गादी 6 इंच, म्हणजे टेकायला उरतात 24. जमिनीपासून तीन फुटांचा केला असता तर गादीवर फक्त फूटभर दिसला असता.

एकसंध सात फुटी करायचा बेत होता. तो दोन गोष्टींवर अडला. कोटिंगचा कारखाना खेडच्या बाजूला. पावडर मारल्यावर वस्तू 180-200 अंशांवर भट्टीत भाजावी लागते, आणि त्यांच्या भट्टीत सात बाय चार जात नव्हता. दुसरं आमच्या माजघराचं दार. जुन्या घरांची दारं तुम्हाला माहीत आहेत, वाकून आत जायचं आणि लगेच उजवीकडे वळायचं. मग साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन भाग केले, मधे तीन बोल्टांनी जोडलेले. नाइलाजाने केलं, पण आता वाटतं हेच बरं झालं. पलंगही दोन, हेडबोर्डही दोन, उद्या मुलं मोठी झाली की सोडवून दोन खोल्यांत जातील. दोन्ही मिळून वजन चोवीस किलो भरलं आणि सगळा खर्च साडेसहा हजारांच्या आसपास गेला.

बसवायच्या दिवशी घोळ झाला. मापं मी घेतली होती, पण ती एकाच पलंगाची. जुन्या सुताराच्या हातचे दोन पलंग जुळे असतील असं मी का धरलं कोण जाणे. दुसऱ्याच्या खुरांची भोकं अर्धा इंच वर निघाली. पोराने ड्रिल काढलं आणि तिथल्या तिथे नवी दोन भोकं पाडली, कोटिंगमधून, जस्तामधून, थेट उघड्या लोखंडापर्यंत. आम्ही पण बघत उभे राहिलो आणि चहा दिला.

सासूबाईंनी पहिल्या रात्रीच पास केला. आमच्याकडे लहान मूल झोपेत दचकायला लागलं की उशीखाली अडकित्ता ठेवतात, उशाशी लोखंड असावं म्हणून. त्यांनी तो काढून पानाच्या डब्यात टाकला. "एवढा कठडा आहे, आता त्याचं काय काम!" सुपारी कातरायला अडकित्ता शोधत फिरायचे दिवस संपले, हा फायदा मी धरलाच नव्हता.

उन्हाळ्यापर्यंत तक्रार एकच, आवाज. कुणी कुशीवर वळलं की चर्रर्र, आणि चार-पाच जण झोपणार म्हणजे रात्रभर भजनच. लाकूड आणि पाइप एकमेकांवर घासत होते. उपाय सोपा निघाला: सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून खूर आणि पाइप यांच्यामधे घातले, बोल्टांना स्प्रिंग वॉशर लावले. आवाज गेला. मात्र फणसाचं लाकूड उन्हाळ्यात आटतं आणि पावसात फुगतं, त्यामुळे एप्रिलमधे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागले. भिंतीत अँकर ठोकून हेडबोर्ड पक्का करायचाही प्रयत्न केला. चिऱ्यात अँकर जागच्या जागी फिरत राहिला आणि भोकातून लाल माती येत राहिली. नाद सोडला. उलट पलंगच दोन इंच पुढे ओढला. मागून हवा खेळते, भिंतीची ओल पाइपाला लागत नाही. तोटा एवढाच की त्या फटीत मोबाइल, केसांच्या पिना आणि एकदा चक्क कवळी पडली.

आता पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्याने सकाळी उठून पाइप चाटला आणि जाहीर केलं, "आई, खारट आहे." खरंच होता. खिडकी पश्चिमेला, वारा सगळा समुद्राचा, रात्रीतून पाइपावर चिकट थर येतो. नुसत्या कोरड्या फडक्याने तो निघत नाही, पसरतो. गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवायचं, मागोमाग कोरडं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा केलं, मग एकदा, ऑगस्टमधे सणवारांत दोन आठवडे राहून गेलं. तरी समोरच्या पाइपांना, सळ्यांना आजही डाग नाही. कोटिंग करणाऱ्याचं काम चोख आहे.

गंज आला तो जिथे कोटिंग नव्हतं तिथे. नागपंचमीच्या सुमारास त्या दोन भोकांखालून विटकरी रंगाचा ओघळ दिसला, बोटभर लांब. मच्छरदाणीची नाडी तिथेच बांधलेली, तिला लागलेला डाग अजून निघालेला नाही. लिंबू-मीठ चोळून झालं. मग बॅटरी घेऊन मागे वाकून बघितलं तर मागच्या बाजूच्या चार वेल्डिंगवर बारीक फोड. तिथे प्रायमर मारलाच नव्हता, पावडर थेट जळक्या जोडावर बसवली होती. नखाने फोड उचलला तर पापुद्रा निघाला आणि खाली नारिंगी भुकटी. तिसरी जागा पायांचे तळ. पाइपाला खालून प्लॅस्टिकची बुचं घातली होती. रोज लादी पुसताना पाणी बुचात शिरतं आणि तिथेच बसतं. पाय उचलून बूच काढलं तर चमचाभर तांबडं पाणी सांडलं. पाइप कापल्यावर कापलेल्या कडेला जस्त उरत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं.

फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला. "वहिनी, समुद्राजवळ असं होणारच." होणारच असतं तर समोरूनही झालं असतं ना, असं विचारल्यावर येतो म्हणाला. गणपती झाले, नवरात्र झालं, आलेला नाही. मधल्या काळात यांनी पॉलिश पेपरने सगळे डाग पांढऱ्या धातूपर्यंत घासले, दोनदा झिंक प्रायमर, वर काळा ऑइलपेंट. जवळून रंगातला फरक दिसतो, पावडरला जो मॅट पोत असतो तो ब्रशला येत नाही. बुचं फेकून दिली आणि पायांखाली रबराच्या जाड चकत्या ठेवल्या, पाणी आलं तरी वाहून जावं म्हणून.

टेकून बसायला कसा आहे, हे विचारणारे भेटतात. थंडीत पहाटे पाठ लागली की अंग शहारतं, आणि सळ्या पाठीला टोचतात, उशी हवीच. मी जुन्या दोन गोधड्या कठड्यावरून टाकते, पावसात त्या काढून ठेवते, नाहीतर ओल धरून पाइपाला चिकटतात. रात्रीच्या दिव्याची वायर पाइपाला गुंडाळू नका. आमची एकदा सोललेली निघाली, नशीब हात यांचा होता आणि पायात स्लिपर होती.

पुन्हा करायचा झाला तर जीआय आणि 16 गेजच घेईन. पण दोन्ही पलंगांची भोकं आधी मोजून कागदावर काढून देईन, सगळी भोकं कोटिंगच्या आधी पाडून घेईन, पायांचे तळ पत्र्याने वेल्ड करून बंद करायला लावीन, आणि गाडी खेडला निघायच्या आधी दोन्ही भाग उलटे करून मागचे जोड स्वतः बघीन. नणंदेला हेच फोनवर सांगितलं, तिला बोरिवलीच्या घरासाठी असाच हवा आहे. ती म्हणाली, तिकडे कुठे खारा वारा. मी म्हटलं, बुचातलं पाणी तिकडेही साचेल.

परवा कोजागिरीला ऊन चांगलं होतं, म्हणून बोल्ट सोडून दोन्ही भाग अंगणात उलटे ठेवले आहेत. मागच्या जोडांवर प्रायमरचा आणखी एक हात बसतो आहे. तोवर उशा पुन्हा भिंतीला, आणि आज सकाळी केसांत वाळू.