मल्लखांब आणि लेझीम: मायब्रिजची रीत घ्यावी की मारेची?

नागपूरच्या महाल भागातल्या एका आखाड्याच्या वस्तादांनी विचारलं, "पोरांच्या हालचालींचे फोटो भिंतीवर लावायचे आहेत. एकेक क्षण वेगळा घेऊ, की सगळ्या हालचाली एकाच फोटोत? फ्लॅश विकत घ्यावा लागेल का?" म्हटलं, वस्ताद, या प्रश्नावर दोन माणसांची सगळी हयात गेली. फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज आणि फ्रान्सचा एतियेन-ज्यूल मारे, दोघांचाही जन्म १८३० चा आणि मृत्यू १९०४ चा. रस्ते मात्र वेगळे.

मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे मांडले. घोडा आडव्या ताणलेल्या तारा तोडत गेला, की एकेक शटर पडत जाई. क्षणाला एक चित्र, प्रत्येक चौकट स्वतंत्र. त्याने पुढे १८८७ मध्ये छापलेल्या ७८१ पानांमध्ये धावणारी, उड्या मारणारी, ओझं उचलणारी माणसंही आहेत. भिंतीवर लावायला ही रीत झकास. मात्र काही पानांवर निसटलेल्या क्षणाच्या जागी त्याने दुसरंच चित्र बसवलं, हे नंतर उघड झालं. मोजमाप करायचं असेल तर त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

मारे शरीरशास्त्रज्ञ, त्याला मोजायचंच होतं. गडद पार्श्वभूमीपुढे माणूस चालवायचा आणि फोटोच्या एकाच काचेवर ठरावीक अंतराने अनेक ठसे घ्यायचे, ही त्याची रीत. गोची एकच: शरीर पुढे सरकलं नाही, तर ठसे एकावर एक चढतात आणि नुसता पांढरा गोळा दिसतो. म्हणून १८८३ मध्ये त्याने माणसाला काळे कपडे घातले आणि हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. फोटोत उरल्या फक्त रेघा, जणू हाडांचा हिशेब.

तेव्हा वस्ताद, आधी बघा, पोरगा जागा सोडतो का?

मल्लखांबात सोडत नाही. दसरंग घेताना शरीर खांबाभोवतीच फिरतं, त्यात एरंडेल चोपडलेला खांब फ्लॅशमध्ये चकाकतो. इथे मायब्रिजच. बारा कॅमेरे नकोत, कॅमेऱ्यातला सलग फोटोंचा मोड पुरे, सेकंदाला दहा निघाले तरी चालेल. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. उजेडाची चिंता नागपुरात कशाला, उन्हाळ्यात सकाळी सातलाच ऊन मुबलक असतं. फ्लॅशचे पैसे वाचले.

लेझीमची रांग मैदान ओलांडून जाते, तिथे मारे. पण हे दिवसा जमत नाही. अंधारी जागा, मागे काळं कापड, शटर एक सेकंद उघडं आणि फ्लॅश सेकंदाला दहा वेळा, म्हणजे एका फोटोत दहा ठसे. साधा फ्लॅश घेऊ नका, असा लागोपाठ उडणारा मोड असलेलाच बघून घ्या. रांगेतला एकच पोरगा घ्या, सगळी रांग घेतली तर गर्दीच दिसेल.

आणि व्हिडिओ? शिकवायला तोच बरा. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीच चित्रित केली होती, म्हणजे आपल्या पडद्यावर अगदी पहिल्यांदा आलेल्यांत पैलवान आहेतच. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये कुठे पकड सुटली ते पोराला लगेच दाखवता येतं. फक्त ट्यूबलाइटखाली काढू नका, तो सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि स्लो मोशनमध्ये चित्रावर उजेड-अंधाराच्या लाटा येतात. भिंतीवर मात्र व्हिडिओ टांगता येत नाही.

काळ्या कापडाचं म्हणाल तर बिछायत केंद्रात भाड्याने मिळेल, पण साटन नको. मी एकदा तेच आणलं, आणि प्रत्येक फ्लॅशला मागे कापडाची एकेक घडी चमकली. पोरापेक्षा पडदाच जास्त लेझीम खेळत होता.