हर्णैच्या वाळूसाठी घेतलेला ट्रायपॉड

नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढताना माझा जुना अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड चार वर्षं विनातक्रार चालला. तिथलं पाणी गोदावरी-कादवाचं, गोडं. चिखल धुतला की काम झालं. मग एका डिसेंबरात तोच घेऊन सासुरवाडीला हर्णैला गेलो. तीन दिवस पहाटे सुवर्णदुर्गासमोरच्या ओल्या वाळूत तो रोवून कुरवांचे थवे टिपले. नाशिकला आल्यावर फडक्याने पुसून ठेवून दिला. आठ दिवसांनी बघतो तर पायाचं खालचं ट्विस्ट लॉक, म्हणजे पिळून घट्ट करायची कडी, जागची हलेना. पकडीने उघडलं, तेव्हा आत ग्रीसमध्ये वाळू रुतलेली आणि नळीवर चुन्यासारखा पांढरा थर. फार वाईट वाटलं.

दुसरा घेताना मात्र घाई केली नाही. एम. जी. रोडवरच्या दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि २००-५०० मिलिमीटरची लेन्स घेऊन गेलो. नुसती लेन्सच २.३ किलोची, बॉडी आणि गिंबल हेड (ट्रायपॉडच्या डोक्यावर बसवायचा, जड लेन्स तोलून धरणारा भाग) धरून पाच किलोच्या आसपास जातं. दुकानदारदादांनी शांतपणे चार ट्रायपॉड लावून दिले. समोरच्या पाटीवर फोकस करून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र, पूर्ण मोठा केला, पायावर टिचकी मारली आणि चित्र किती वेळात स्थिर होतं ते पाहिलं. खोक्यावर छापलेल्या किलोंपेक्षा ही टिचकी खरं सांगते, कारण वजन पेलण्याचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते.

शेवटी मॅनफ्रोटो ०५५ घेतला, कार्बन फायबरचा, एकात एक सरकणाऱ्या तीन टप्प्यांच्या पायांचा. वजन २ किलो, पेलतो ९ किलो. पैसे जुन्याच्या चौपट गेले. मधला दांडा वर काढला तर उंची १७० सेंटिमीटर होते, पण जड लेन्सखाली मी तो कधीच काढत नाही. वाऱ्यात थरथर तिथूनच सुरू होते. मला सगळ्यात आवडली ती फ्लिप लॉक, म्हणजे खटक्याने उघडणारी. वाळूचा कण अडकला तर डोळ्यांना दिसतो, ब्रशने निघतो.

त्यानंतर दोन हिवाळे तो हर्णैला जाऊन आलाय. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, म्हणून पाय आधी दाबून बसवतो. आणि उघडताना सगळ्यात खालचा, बारीक टप्पा पूर्ण उघडतो, म्हणजे त्याचं लॉक पाण्याच्या वर राहतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर जुना ट्रायपॉड आजही चालता असता! वारा असला की मधल्या हुकाला बॅग अडकवतो, पण ती जमिनीला टेकलेली ठेवतो. लोंबकळली की झोके घेते आणि ट्रायपॉडही हलतो.

कार्बन गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सांधे आणि स्क्रू धातूचेच असतात, आणि खाऱ्या पाण्यात कार्बनला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम उलट लवकर खराब होतं. मी सासूबाईंच्या विहिरीवर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पाय धुतो, हेड मात्र आधी काढून ठेवतो. सगळे टप्पे उघडे ठेवून रात्रभर पंख्याखाली वाळवतो.

तुम्ही फक्त नांदूरला, गंगापूर धरणावर जात असाल तर एवढा खर्च करू नका, चांगला जाड पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा पुरतो.