दर शनिवारचा रंकाळा की महिन्यातून एकदा खिद्रापूर?

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, दोघेही नोकरीला जाणाऱ्या आणि मुले अजून शाळेत असलेल्या कोल्हापुरातील जोडप्याला एकमेकांसाठी वेळ काढायचा झाला, तर प्रत्यक्षात दोनच मार्ग उरतात. ठरलेल्या वारी तास-दीड तास रंकाळा तलावावर जाणे हा एक, आणि महिन्यातून एकदा अर्धा दिवस मोकळा करून पन्हाळा किंवा खिद्रापूर गाठणे हा दुसरा. रविवारी रात्री तांबडा-पांढरा खायला जाणे हा तिसरा मार्ग मी मोजत नाही, कारण त्यातला निम्मा वेळ नंबर लागण्याची वाट पाहण्यात आणि उरलेला ताटात जातो.

सोयीच्या दृष्टीने रंकाळ्याला तोड नाही. खर्च भाजलेल्या कणसापुरता असतो, स्वयंपाक आधी उरकता येतो आणि तेवढ्या वेळासाठी मुलांना सासूबाईंवर सोपवताना संकोचही वाटत नाही. आम्ही वर्षभर दर शनिवारी हा क्रम पाळला. सुरुवातीला चौपाटीपासून संध्यामठाच्या बाजूने चालत बोलणे होई. पुढे चालणे कमी होऊन शालिनी पॅलेस दिसेल असा एक कट्टा ठरून गेला आणि त्याबरोबर विषयही ठरून गेले: मुलांची फी, गावाकडच्या घराचे पत्रे, कोणाच्या लग्नाला किती आहेर करायचा. एका शनिवारी मी पर्समधून विजेचे बिल काढून यजमानांच्या हातात दिले आणि त्यांनीही ते रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात धरून युनिट वाचायला सुरुवात केली. घरी जेवणाच्या टेबलावर जे होते तेच आम्ही तळ्याकाठी आणून मांडले आहे, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आले नाही.

मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यात ५३ विवाहित जोडप्यांपैकी काहींना १० आठवडे, दर आठवड्याला दीड तास, त्यांना स्वतःला उत्साहाच्या वाटणाऱ्या गोष्टी एकत्र करायला सांगितल्या होत्या, तर काहींना केवळ सुखद वाटणाऱ्या. वैवाहिक समाधान पहिल्या गटात अधिक वाढलेले आढळले. वेळ दोन्ही गटांना सारखाच दिला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आमचा रंकाळा सुखद होता, पण त्यात नवे असे काही उरले नव्हते.

मात्र नवेपणा केवळ अंतराने येत नाही, आणि म्हणूनच मी पन्हाळ्याची शिफारस जरा हात राखून करते. वीसेक किलोमीटरवर असलेला हा गड दुचाकीवर लिटरभर पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतो, परंतु तीन दरवाजा आणि अंबरखाना कोल्हापूरकराला शाळेच्या सहलीपासून पाठ असतात. शिवाय पावसाळ्यातल्या रविवारी तिथे धुक्यापेक्षा गाड्याच अधिक दिसतात.

खिद्रापूर साधारण साठ किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी आहे. तिथल्या कोपेश्वर महादेवाच्या मंदिरातील स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही. वर गोल मोकळे आकाश आणि खाली तेवढीच गोल रंगशिला. आम्ही ऐन दुपारी पोहोचलो. चप्पल बाहेर काढलेली, दगड तव्यासारखा तापलेला, त्यामुळे खांबांच्या सावलीपर्यंत दोघेही एकमेकांचा हात धरून अक्षरशः उड्या मारत गेलो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी यजमानांना असे धावताना मी प्रथमच पाहिले. महादेवासमोर नंदी का नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. नंदी सतीबरोबर तिच्या माहेरी गेला आणि तिच्या वियोगाने महादेव कोपला, ही आख्यायिका तिथे ऐकल्यावर परतीच्या वाटेवर माहेर, मान आणि राग या विषयांवर जे बोलणे झाले, ते रंकाळ्याच्या कट्ट्यावर वर्षभरात झाले नव्हते.

या मार्गाचा दोष तयारीत आहे. आदल्या रात्री मुलांचे खाणे करून ठेवणे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवणे, शिकवणीच्या वेळा लिहून ठेवणे हे सर्व एकटीवर पडले, तर गाडीत बसताक्षणी डोळा लागतो आणि सहल एकट्याचीच होते. म्हणून आम्ही पाळी लावली. ज्याची पाळी, त्याने ठिकाण ठरवायचे आणि घरची व्यवस्थाही पूर्ण लावायची. दुसऱ्याने फक्त निघायचे. या एका अटीवाचून महिन्याची सहल निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कृष्णेला पूर असताना खिद्रापूरचा बेत अर्थातच टाळावा.

मूल तान्हे असेल किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर रंकाळाच बरा. फक्त कट्टा दर खेपेला बदलावा आणि पर्स घरी ठेवावी. अधूनमधून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढून दिलेल्या फेसाळ दुधाचा पेला उभ्याने प्यावा. दहा मिनिटेच लागतात. उरलेल्यांनी मात्र आठवड्याचा हट्ट सोडून महिन्याचा अर्धा दिवस धरावा.

पुढच्या महिन्याच्या सहलीची पाळी माझी आहे. ठिकाण मी अजून सांगितलेले नाही. यजमानांना जाड मोजे तेवढे बरोबर घ्यायला सांगितले आहे.