गाण्यांमागचं राजकारण उलगडणारी शनिवारची बैठक, गावभाग, सांगली

गावभागात जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटींचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी गाणी ऐकायची बैठक असते. माणशी दोनशे रुपये, त्यात चहा आणि भडंग आलं. विषय एकच, लोकांच्या तोंडी बसलेल्या गाण्यांमागचं राजकारण. म्हणजे वरवर बघितलं तर प्रेमाचं नाहीतर देवाचं गाणं आणि आतून सरकारला दिलेला टोला. मी गेल्या पावसाळ्यापासून जमेल तसं जातेय, म्हणून म्हटलं आता नीट रिव्ह्यू लिहावा. पैसे वसूल आहेत हे आधीच सांगते. ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथला नियम. गाणं वाजलं की कुणीही उठून अर्थ सांगायचा, कॉलेजची पोरं असू देत नाहीतर रिटायर्ड मास्तर, पण दुकानवाले काका लगेच विचारतात, गाणं कधीचं आणि ते झोंबलं कुणाला? एवढ्यावरच निम्मे अर्थ गळून पडतात. आजकाल व्हॉट्सॲपवर दिवसाआड एक मेसेज येतो की अमुक गाण्यात खरं तर तमुक नेत्यावर लिहिलंय, आणि लोक तो खरा मानून पुढं ढकलतात, तारीख नाही वार नाही. ज्या कवींनी खरोखर जीव धोक्यात घालून लिहिलं त्यांच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ही बैठक नेमकं त्याच्या उलट काम करते म्हणून तिच्याबद्दल एवढं लिहितेय.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना काका भारुडापासून सुरुवात करून देतात. भारूड म्हणजे वरची गोष्ट एक आणि आतला अर्थ दुसरा, हे आपल्याकडं लहान पोराला पण माहीत असतं, विंचू चावला म्हणजे खरा विंचू नव्हे. पण एकनाथांनी अर्जदस्त, जमाखर्च, कौलनामा असल्या सरकारी कागदांच्या थाटात पण भारुडं लिहिली, दरबारातली फारसी भाषा उचलून, हे मला तिथंच कळलं. काकांनी त्यातलं एक वाचून दाखवलं तेव्हा अख्खी माडी शांत होती. दुहेरी अर्थ काढायची सवय आपल्याला चारशे-साडेचारशे वर्षांपासून आहे, ती काय पुस्तकं वाचून आलेली नाही.

मग येतात सांगलीचे खाडिलकर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्या सांगलीत जन्मले, टिळकांच्या केसरीत काम केलं, आणि १९०७ साली कीचकवध रंगभूमीवर आणलं. गोष्ट महाभारतातली, विराटाच्या दरबारातली, इंग्रजांचं नाव कुठंही नाही. पण बघणाऱ्याला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हा देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे न सांगता कळत होतं. सरकारला पण कळलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. नाटकांवर बंदी घालायचा कायदा इंग्रजांनी १८७६ लाच करून ठेवला होता. काकांचं म्हणणं असं की इथं अर्थ आपण काढलेला नाही, ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्यानंच तो मान्य करून टाकला, याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? हे गाणं नाही, नाटक आहे, तरी बैठकीत घेतात आणि घ्यायलाच पाहिजे. नाट्यपंढरी म्हणवून घेणाऱ्या गावात आमच्या पोरांना शाळेत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं पहिलं मराठी नाटक केलं हे पाठ करून घेतात, पण कीचकवधाचं हे राजकारण कुणी सांगत नाही.

रेकॉर्डींचं सांगते. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं होतं, बऱ्याच एलपींच्या कव्हरवर अजून अर्ध्यावर तपकिरी रेघ आहे, त्याच्या खालचा पुठ्ठा फुगलेला आणि वरचा कोरा करकरीत. काका रेकॉर्ड दोन्ही तळव्यांमध्ये कडेनं धरतात, बोट लागू देत नाहीत, मखमलीच्या तुकड्यानं गोल गोल पुसतात आणि मग पिन ठेवतात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड असली की आधी नुसती खरखर येते आणि त्यातनं हळूहळू आवाज वर येतो. मोबाईलवर तेच गाणं शंभरदा ऐकलेलं असतं पण इथं त्याचं साल अंगावर येतं.

त्या खरखरीत मी किस्मत सिनेमातलं दूर हटो ऐ दुनियावालो ऐकलं. सिनेमा १९४३ चा, गीत कवी प्रदीप, संगीत अनिल विश्वास. भारत छोडो होऊन वर्ष पण झालं नव्हतं, पुढारी तुरुंगात, आणि असलं गाणं सेन्सॉरमधनं पास झालं कसं? तर प्रदीपनी त्यात एक ओळ घातली, जर्मन असो की जपानी, कुणापुढं झुकू नको अशा अर्थाची. इंग्रजांचं तेव्हा जर्मनी-जपानशीच युद्ध चाललेलं, त्यामुळं सेन्सॉरला वाटलं गाणं आपल्याच बाजूचं आहे. थेटरात बसलेल्या माणसाला मात्र दूर हटो कुणाला म्हटलंय हे पहिल्या ओळीला कळत होतं. नंतर सरकारच्या डोक्यात प्रकाश पडला आणि प्रदीपना अटक टाळायला काही काळ भूमिगत व्हावं लागलं. काका ती एक ओळ परत लावतात, पिन उचलून बरोबर तिथंच ठेवतात, आणि म्हणतात ही ओळ म्हणजे या गाण्याचा पासपोर्ट. मला हे फार पटलं. लपवलेला अर्थ बघताना आपण नेहमी लपवलेल्याच ओळीकडं बघतो, लपवण्यासाठी म्हणून जी ओळ घातली तिच्याकडं कुणी बघत नाही. आणि त्याच १९४३ मध्ये आपल्या भागात काय चाललं होतं, तर नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, वाळवा, कुंडल हा सगळा टापू तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. तिकडं थेटरात लोक गाणं परत लावा म्हणून ओरडत होते आणि इकडं गावोगावी शाहीर डफ घेऊन उघड उघड गात होते. ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कुणी दाखवत नाही, इथं दाखवतात.

पण अख्ख्या बैठकीत सगळ्यात भारी भाग अण्णाभाऊंचा. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, वाळवा तालुका, त्यामुळं त्या दिवशी तिकडचे बरेच लोक आलेले. माझी मैना गावाकडं राहिली, माझ्या जिवाची होतिया काहिली, एवढं सगळ्यांना येतं. ऑर्केस्ट्रात, गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री, कुठंही गातात आणि बायकोच्या आठवणीचं गाणं म्हणून टाळ्या घेतात. एका रिटायर्ड गुरुजींनी ती छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं हे गाणं, पूर्ण म्हटली, वाद्य नाही, माईक नाही, नुसती मांडीवर थाप. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस, गावाकडं राहिलेली बायको, तिचं रूप, तिचं रडणं, मग मुंबईतली उपासमार आणि शेठजींची श्रीमंती, आणि असं करत करत शेवटाकडं अण्णाभाऊ स्वतःच सांगतात की मैनेची भेट नाही, तीच गत झाली या खंडित महाराष्ट्राची, आणि पुढं बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची नावं घेतात. म्हणजे मैना म्हणजे तुटून राहिलेला मुलूख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजात हे हजारोंच्या सभेत गाजलं, १ मे १९६० ला राज्य आलं आणि बेळगाव-कारवार बाहेरच राहिलं.

गुरुजी त्या ओळीला आले तेव्हा त्यांचा आवाज चढला आणि माझ्या शेजारी बसलेली सीमेपलीकडच्या निपाणीची एक बाई पदर डोळ्याला लावून बसली होती. काकांनी नंतर एकच मुद्दा मांडला की इथं काहीही लपलेलं नाही, कवीनं किल्ली स्वतः गाण्याच्या शेवटी ठेवलीय, आपणच गाणं अर्ध्यावर बंद करतो. मला याचा राग येतो, खरंच येतो. स्टेजवर शेवटची कडवी कापून टाकायची आणि वर अण्णाभाऊंची जयंती साजरी करायची, हे बंद झालं पाहिजे. १ ऑगस्टला जे कोण कार्यक्रम करतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, गाणार असाल तर पूर्ण गा.

चुकीचे अर्थ कसे मोडून काढतात त्याचं पण सांगते, कारण पैसे त्याचेच आहेत. एका बैठकीत एकजण म्हणाले किशोरकुमारच्या गाण्यात आणीबाणीवर टीका होती म्हणून त्याला रेडिओवर बंद केलं. बंदी खरी होती, मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी थांबवली, पण कारण गाण्यात नव्हतं. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला त्यानं नकार दिला होता आणि हे सगळं पुढं आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आलं. काकांनी ते शांतपणे सांगितलं, त्या माणसाला खाली बघायला लावलं नाही.

दुसरा वाद उषःकाल होता होता वरनं झाला. सुरेश भटांचे शब्द, आशाबाईंचा आवाज, १९७९ च्या सिंहासन सिनेमात आहे. त्यात मशाली पेटवायची ओळ आहे, आणि २०२४ च्या लोकसभेला आपल्या सांगलीत ठाकरेंच्या शिवसेनेचं मशाल हे चिन्ह होतंच, तर एक पोरगा म्हणाला हे पक्षाचं गाणं आहे. आता ते चिन्ह मिळालं ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि भट गेले २००३ साली. गाणं राजकीय आहेच, सिनेमाच सत्तेच्या खुर्चीवरचा आहे, पण ती मशाल कुठल्या एका पक्षाची नाही. यावर बरीच खडाजंगी झाली, दोन्ही बाजूचे कार्यकर्ते होते, तरी काकांनी नेत्यांची नावं घ्यायला कुणाला दिली नाहीत आणि गाण्यावरच ठेवलं. एवढ्या गरम वातावरणात हे सोपं नाही. कवीनं घातलेला अर्थ वेगळा आणि नंतर लोकांनी चिकटवलेला वेगळा, दोन्ही खरे असू शकतात पण दोन्हीला एकच म्हणायचं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं असावं.

बाहेरच्या देशातलं पण अधूनमधून असतं. कॉलेजातल्या एका मॅडमनी ब्राझीलचा गायक चिको बुआर्क याचं १९७० चं गाणं लावलं, ऐकायला हेकेखोर बाईला उद्देशून, खरं लिहिलेलं तिथल्या लष्करी राजवटीवर. लाखभर रेकॉर्डी खपल्यावर सरकारच्या लक्षात आलं आणि मग गाण्यावर बंदी घालून उरलेल्या रेकॉर्डी नष्ट केल्या. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण किस्मतनंतर लगेच ऐकलं त्यामुळं मजा आली.

आता खटकलेलं. जिना अरुंद आणि उभा आहे, कठडा एकाच बाजूला. आमच्या मामंजींचे गुडघे दुखतात, त्यांना एकदाच नेलं आणि परत नेता आलं नाही, त्यांना ऐकायची एवढी हौस असून. महिन्यातनं एक बैठक खाली दुकानात घेतली तर म्हातारी माणसं येतील. सहाची वेळ लिहितात आणि सुरू साडेसहाच्या पुढं होते, परगावच्या लोकांची शेवटची एसटी चुकते. गर्दी झाली की एका पंख्यावर भागत नाही. भडंग मात्र ताजं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

मोठी तक्रार निवडीबद्दल आहे. बायकांची गाणी जवळजवळ नाहीतच. जात्यावरच्या ओव्या घ्या की, महाराष्ट्रातनं गोळा केलेल्या लाखावर ओव्यांपैकी बऱ्याच आता ऑनलाईन वाचायला-ऐकायला मिळतात, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, सासरच्या जाचावर आहेत, पहाटे अंधारात दळताना बाई जे बोलली ते दिवसा कुणासमोर बोलू शकत नव्हती, लपवलेलं बोलणं म्हणजे अजून काय असतं? आणि भीमगीतं नाहीत. वामनदादा कर्डकांशिवाय मराठी गाण्यातल्या राजकारणाची बैठक पुरी होतच नाही, गावागावात, वस्तीवस्तीत ही गाणी पाठ आहेत आणि ती उघड राजकीय आहेत, झाकून ठेवायची गरज त्यांना वाटली नाही, मग कुणाला झाकायला लागलं आणि कुणी उघड गायलं याच्यावरच एक अख्खी संध्याकाळ होईल. मी हे काकांना तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले ताई माझ्याकडं त्या कॅसेटीच कमी आहेत, पुरात गेल्या, कुणाकडं असतील तर आणा, मी लावतो.

म्हणून ज्यांच्या घरी माळ्यावर वामनदादांच्या, विठ्ठल उमपांच्या जुन्या कॅसेटी पडल्या असतील त्यांनी नक्की घेऊन जा, काका कॉपी करून त्याच दिवशी परत देतात. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार. सुट्टे पैसे न्या, गाडी नदीच्या बाजूला लावा, बोळात लावली तर शेजारचे ओरडतात.