मिरजेचा साधा तंबोरा की नक्षीचा? काही महिन्यांच्या वापरानंतर

काळी एक पट्टीत (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेली, पुरुषी आवाजासाठीच्या दोन साध्या तंबोऱ्यांची मिरजेची मर्दानी जोडी, आणि शेजारी त्याच कामाला नक्षीचा एक महागडा तंबोरा. सांगलीतल्या गाण्याच्या क्लासात मृगाच्या पावसापासून उन्हाळ्यापर्यंत तिन्ही वाद्यं रोज वाजत होती. साधा तंबोरा पंचवीस हजारांच्या आतबाहेर, नक्षीचा दुपटीच्या वर. घ्यायला निघालेला प्रत्येक जण हेच विचारतो की वरचे पैसे आवाजाचे आहेत का. बहुतेक पैसे आवाजाचे नाहीत. थोडे आहेत, आणि ते नेमके कुठे आहेत हे माहीत असेल तरच ते मोजावेत.

फरक दुकानातच पडायला लागतो. महागडं वाद्य दाखवतात तेव्हा त्याच्या तारा नव्या असतात, जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून साधलेली गुंज, ताजी काढलेली असते आणि ते आधीच सुरात लावलेलं असतं. साधी वाद्यं भिंतीला टेकलेली, तारा उतरवलेल्या, कधी गंजलेल्या. मागितलं की त्यातलं एखादं घाईघाईने कुठल्या तरी पट्टीत चढवून देतात. आपल्या कानाला फरक जाणवतो तो खोटा नसतो. पण तो तारांचा आणि जवारीचा असतो, आणि किंमत ऐकल्यावर आपण तो लाकडाच्या आणि नक्षीच्या खात्यावर मांडतो.

म्हणून तुलना करायची तर आधी सगळ्यांवर सारख्या तारा हव्यात. काळी एकसाठी जोडीला, म्हणजे मधल्या दोन तारांना, पोलादी ०.३३ मिमी, खर्जाच्या जाड तारेला पितळी ०.७० मिमी आणि पंचमाला पितळी ०.५० मिमी ठीक बसते. तारा एकेक करूनच बदलाव्यात. चारही एकदम सोडल्या तर घोडी जागची हलू शकते. नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत आणि उतरत राहतात, तोवर मत बनवण्यात अर्थ नाही. लावताना आधी जोडी, मग खर्ज, शेवटी पंचम. मोठा फरक खुंटीने काढायचा आणि बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने. मणी लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिकडे, सरकवला की सूर चढतो.

एवढं झाल्यावर ऐकणाऱ्यांना पाठमोरं बसवलं आणि छेडायला एकच हात ठेवला. नक्षीचा कोणता, हे शिकणाऱ्यांना सांगता येईना. मोठ्या भोपळ्याचा कोणता, हे मात्र बहुतेकांनी ओळखलं. तोंडं वाद्यांकडे वळवून बसवल्यावर त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना नक्षीचा 'जास्त गोड' वाटू लागला. या सगळ्या महिन्यांतली माझ्या लेखी सर्वांत मोलाची नोंद हीच.

ऐकायचं काय, तेही सांगतो. खर्ज छेडून हात बाजूला घ्यावा. क्षणभराने त्यातून गांधार वर यायला हवा आणि काही सेकंद टिकायला हवा. हाच स्वयंभू गांधार. पंचमाच्या तारेतून तसाच रिषभ डोकावतो. हे दोन्ही स्वच्छ ऐकू येत असतील तर वाद्य चांगलं आहे, दांडीवर मोर असो वा नसो.

आता जवारी. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला टेकते आणि सुटते, म्हणून वरचे सूर फुलतात. तारेखाली घोडीवर घातलेला सुताचा धागा केसभर सरकवला की बंद आवाज खुलतो, आणखी सरकवला की तार नुसती झणझणते. रोजच्या वापरात तारेखाली चर पडतो. घोडीवर बाजूने तिरपा उजेड टाकला की तो चर रेघेसारखा दिसतो. सूत कुठेही ठेवलं तरी आवाज खुलत नसेल तर जवारी नव्याने काढायची वेळ झाली. साध्या जोडीवर ही वेळ दिवाळीनंतर आली आणि महागड्यावर त्यानंतर थोड्याच दिवसांनी. किंमत दुप्पट म्हणून जवारी दुप्पट टिकली असं अजिबात झालं नाही.

दुर्मीळपणाची जादू सर्वांत जास्त चालते ती या घोडीवरच. 'हस्तिदंती' किंवा 'सांबरशिंगाची' असं म्हटलं की किंमत चढते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे या दोन्हींचा व्यापार बंद आहे. आज कोणी नवी म्हणून देत असेल तर ती बेकायदा तरी असते नाहीतर नकली. उंटाच्या हाडाची घोडी उत्तम काम देते. आबनुसी लाकडाची घोडी आवाज मऊ करते, पण लवकर झिजते. आणि कशाचीही असली तरी घासणारा हात कच्चा असेल तर ती मुकीच राहते.

पैसे खरोखर मोजावेत ते भोपळ्यासाठी. हा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, शेतात पिकतो, सांगून करवून घेता येत नाही. १६-१७ इंच व्यासाचा, जाड सालीचा आणि घाटदार भोपळा मिळणं खरंच कठीण आहे, आणि खर्जाचं वजन बरंचसं त्यातूनच येतं. इथली दुर्मीळता कानाला कळते. दुसरा खर्च तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणावर, आणि खुंट्यांवर. घोडीच्या पुढे तबलीवर पोलादी पट्टी आडवी धरून पाहावी. तबली मधे खचलेली दिसली तर वाद्य परत ठेवावं. खुंटी फिरवताना अडखळत असेल किंवा भोकात डुलत असेल तर रोजचा वैताग ठरलेला.

साध्या जोडीची खोड इथेच निघाली. श्रावणात खुंट्या फुगून घट्ट बसल्या आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत घसरू लागल्या. घट्ट झालेल्या खुंटीला कोरडा साबण आणि घसरणारीला खडूची पूड लावली की काम भागतं. महागड्याच्या खुंट्या दोन्ही ऋतूंत नीट चालल्या, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

उलट त्याच्या नक्षीनेच त्रास दिला. उन्हाळ्यात तबलीच्या कडेची पांढरी प्लॅस्टिकची पट्टी सरसातून थोडी सुटली आणि जोडीच्या तारा छेडल्या की करकर ऐकू येऊ लागली. अशी करकर जवारीचीच समजून लोक घोडी घासून घेतात आणि चांगली जवारी घालवतात. आधी दुसऱ्याला तार छेडायला सांगून कडेकडेने पट्टीवर बोट दाबत जावं. जिथे दाबल्यावर करकर थांबते तिथे सरस भरला की झालं.

जुन्या वाद्यांबद्दल थोडं. मिरजेत फरीदसाहेबांपासून चालत आलेली शिकलगार या वाद्यकारागिरांची परंपरा आहे, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं इथलं वास्तव्य आहे, त्यामुळे 'जुन्या हातचा' या दोन शब्दांना इथे मोठा भाव येतो. मुरलेल्या तुणीच्या लाकडाचा फायदा खरा आहे. पण जुन्या भोपळ्याला कीड आणि केसासारखी चीर असते, गळ्याचा सांधा ढिला असतो. आतून दिवा लावून बघितल्याशिवाय नावावर पैसे देऊ नयेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मनापासून आनंद आहे. पण त्यावरून वाद्य कुठलं ते कळतं, जवारी कशी आहे ते कळत नाही.

घ्यायला जाताना आपली पट्टी आधी कळवावी. मोठ्या भोपळ्याचा साधा तंबोरा निवडून त्यावर नव्या तारा चढवून मागाव्यात, त्याच पट्टीत जवारी काढून ठेवायला सांगावं आणि तीन दिवसांनी ऐकायला जावं. सांगलीहून मिरज दहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे दुसरी फेरी जड जात नाही. नक्षीचे वाचलेले पैसे वर्षाला दोनदा जवारी काढायला, तारांच्या जादा संचाला आणि अस्तराच्या चांगल्या गवसणीला (वाद्याच्या खोळीला) पुरतात.